शाळेचा नंबर

फोनवर शाळेचा नंबर दिसताच तिने शिलाईचं मशीन थांबवलं, सुपरवायझरकडे खुणेनेच अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि पर्स खांद्याला अडकवली.

"निघालेच, बाई. आज काय प्रताप केले आमच्या कार्टीने?"

"काही नाही हो," वर्गाच्या बाई म्हणाल्या. "आज पहिल्यांदाच सगळ्यांसमोर उभं राहून तिने अख्खा धडा वाचला. कुठेही अडली नाही. तेवढंच कळवायचं होतं."

तिने खांद्याची पर्स काढून परत मशीनवर ठेवली. शेजारच्या बायका काळजीने तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"हॅलो, ऐकताय ना?"

"ऐकलं, बाई. पण परत एकदा पहिल्यापासून सांगा. फोन स्पीकरवर टाकलाय, आणि साहेबांनी सगळी मशीन बंद करायला लावलीत."