घरट्यावरची सावली

कल्पना करा बाळांनो, तुमच्या पायांपुढे हातभर खोल वाळूत कासवाची शंभर अंडी निजली आहेत आणि वरून ऊन नुसतं भाजून काढतंय. किनाऱ्यावर अंडी राखणाऱ्या बाबांनी वाळूत खुपसलेला तापमापक उपसून पाहिला. तेहेतीस अंश. घरट्यावर सावलीसाठी बांधलेलं कापड पहाटेच्या वाऱ्याने उडवून नेलं होतं आणि नवं यायला संध्याकाळ होणार होती.

"बाबा, मरतील का हो ती?" लेकीने विचारलं.

"जगतील गं. पण नर की मादी, ते याच दिवसांत ठरतं. वाळू अशी तापली, तर सगळ्या माद्याच निघतील."

"मग त्यात काय बिघडलं? आम्हीपण तिघी बहिणीच आहोत की."

बाबांना हसू आलं, पण ते ओठांवरच विरलं. "तुम्हाला बाबा आहे, बाळा. यांच्या पिल्लांना कुठून मिळायचा?"

 मग सूर्याकडे पाठ करून लेक घरट्याला खेटून उभी राहिली. तिची सावली अर्ध्या घरट्यालाही पुरेना. तिने मागे न पाहताच हात लांब केला आणि बाबांना आपल्या शेजारी ओढून घेतलं.