एकतर्फी दुवा

ऑपरेशनच्या यादीत नवऱ्याचं नाव चौथं दिसलं, तसा कुमुदच्या जिवात जीव आला. ज्या घराच्या इंटरनेटवरच्या पानाला इतरांच्या पानांवरून दुवे जास्त, त्या घराचा नंबर वर, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"हळदीकुंकवाला आम्ही साठ जणींनी एकमेकींना दुवे दिले होते, तेच कामी आले बघा," ती दवाखान्याच्या खिडकीतल्या कारकुनाला, डोईफोड्यांना, म्हणाली.

"ते साठही बाद झालेत, बाई. अदलाबदल केलेले दुवे यंत्र धरत नाही. तुम्हाला वर आणलंय एकाच दुव्यानं, सुमित्रा नर्सबाईंच्या. अर्ध्या तालुक्याचे दुवे त्यांच्याकडे येतात, म्हणून त्यांच्या एका दुव्याला शंभरांचं वजन. आणि त्यांनी दिलाय तो फक्त तुम्हाला."

सुमित्रा म्हणजे तिची थोरली जाऊ. अकरा वर्षांपूर्वी भांडण झालं, त्याच दिवशी कुमुदनं जाऊबाईंचा दुवा काढून टाकला होता. जाऊबाईंनी मात्र काढलाच नव्हता.

कुमुदनं घाईघाईनं मोबाइल उघडला.

"आता परत जोडू नका," डोईफोडे म्हणाले. "तीही अदलाबदल ठरेल आणि नंबर जाईल."

तिचं बोट थांबलं. "मग नुसता फोन केला तर?"

"करा की. फोन कोणी मोजत नाही."