बाहेरून कडी

फिटरने तिसऱ्यांदा दारावर मूठ आपटली, तशी बाहेर कोणीतरी रेडिओ आणखी मोठा केला.

"मी अजून मेलेलो नाही," तो ओरडला.

हॉलमधलं गाणं संपलं, दुसरं लागलं. मधल्या क्षणभरात त्याला धाकट्या लेकीचं हसू ऐकू आल्यासारखं वाटलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

तो मालवाहू जहाजावर फिटर होता. वर्ष वर्ष पाणी आणि लोखंड एवढंच बघायचं, मग कुठे घर दिसायचं. यंदा साथीमुळे बदली माणूस मिळेना, सुट्टी पुढे पुढे ढकलली गेली. शेवटी मिळाली ती जेमतेम तीन आठवड्यांची. तो येतानाच बेत करून आला होता. थोरलीला मोटारसायकल शिकवायची, आईचे गुडघे रोज चोळून द्यायचे, बायकोला स्वयंपाकघराकडे फिरकू द्यायचं नाही. पहिले काही दिवस झालंही तसंच. थोरलीने गाडी कुंपणात घातली आणि सगळं घर पोट धरून हसलं.

मग तपासणीवाले घरी आले आणि पाचही जणांच्या नाकात काडी घालून गेले. दुसऱ्या दिवशी बायकोच्या फोनवर निरोप आला. ती गॅलरीत कितीतरी वेळ नुसती 'हं, हं' करत उभी होती. आत आली ती पदराने तोंड झाकूनच. म्हणाली, तुम्हालाच झालाय, उचला अंथरूण.

ना ताप, ना खोकला, अंगात रेड्याचं बळ. तरी तो मुकाट्याने मागच्या, संडास-न्हाणीघर जोडलेल्या खोलीत गेला. इंजिनाचा धूर गिळून गिळून त्याच्या छातीचा भाता आधीच कामातून गेला होता. दम्याचा पंप उशाशी ठेवल्याशिवाय त्याला झोप येत नसे. पण दोन दिवसांत खोली खायला उठली. तो सहज हॉलच्या उंबऱ्यापर्यंत आला, तर बायको अशी किंचाळली की शेजारीण धावत आली. त्या दिवसापासून बाहेरून कडी.

जेवण गॅलरीकडच्या खिडकीत यायचं. टकटक व्हायची आणि तो खिडकी उघडेपर्यंत बायको लांब गेलेली असायची. तिथूनच रोज एकच प्रश्न, दम लागतोय का? लागत नाही म्हटलं की वळून चालायला लागायची. जेवणही कसलं! एक दिवस अळणी, दुसऱ्या दिवशी तोंडात घालवणार नाही इतकं खारट. नवऱ्यासाठी मन लावून रांधणंही जिवावर आलंय, असं त्याने ताट परत ठेवताना ऐकवलं. तिने नुसती मान खाली घातली. म्हणजे खरंच असणार.

आई सुरुवातीला दुपारी खिडकीखाली खुर्ची टाकून बसायची, जहाजावरच्या गोष्टी विचारायची. मग तीही यायची बंद झाली. बायकोने सांगितलं, गुडघे धरलेत. मुली दारापलीकडून दोन शब्द बोलून सटकायच्या. घर आपलं, कमाई आपली आणि उपरे आपणच! तो खोलीत येरझारा घालायचा आणि बाहेरचा रेडिओ दिवसभर कोकलत राहायचा. त्यांची मजा चालली होती. त्याच्या सुट्टीवर.

सकाळी कंपनीचा फोन आला होता. जहाज लवकर सुटणार, उद्या पहाटे गाडी येईल. त्याने बायकोला हाक मारून सांगितलं, उद्या मी जाणार. दुखणं अंगात असलं, तरी वेगळं राहायची मुदत आता संपली. आजचा एक दिवस तरी माणसांत बसू दे.

ती खांबाला टेकून उभी होती. म्हणाली, "गाडी आली की आम्ही सगळे आतल्या खोलीत दार लावून बसू. मग मी कडी काढते. तुम्ही बॅग घेऊन थेट बाहेर पडा. पोरींना भेटायला थांबू नका."

"आणि आई?"

"आईंनाही नाही."

त्याने खिडकीचे गज घट्ट धरले. इतकी वर्षं हिच्यासाठी समुद्रावर हाडं झिजवली आणि ही आपल्याला चोरासारखं घराबाहेर काढणार. काहीतरी लागट बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तोवर ती भिंतीला हात लावत निघूनही गेली होती.

मग त्याने मुठी आपटल्या, रेडिओ मोठा झाला आणि त्याचं डोकं एकदम थंड पडलं. पलंगाखालची हत्यारांची पेटी त्याने पुढे ओढली. दार आतल्या बाजूला उघडणारं, बिजागऱ्या त्याच्या बाजूला. जन्म गेला होता असले स्क्रू काढण्यात. एकेक स्क्रू काढताना तो मनात वाक्यं जुळवत होता. बायकोला काय म्हणायचं, आईला काय म्हणायचं, पोरींना किती सुनवायचं. मोठ्याने हसणाऱ्या धाकटीला तर आधी.

शेवटचा स्क्रू निघाला. त्याने दार उचलून भिंतीला लावलं आणि तरातरा हॉलमध्ये गेला.

"झाली का हौस?" तो म्हणाला, आणि जागीच थांबला.

हॉलमधलं सगळं सामान भिंतीकडे सरकवलेलं होतं. जमिनीवर चार गाद्या होत्या. आई पालथी पडून श्वास ओढत होती, थोरली तिची पाठ थोपटता थोपटता स्वतःच कलली होती. धाकटी उशीत तोंड खुपसून खोकत होती, आणि एका हाताने तिने रेडिओचं बटण धरून ठेवलं होतं.

तो त्यांच्याकडे धावला. बायको धडपडत उठली आणि दोन्ही हात पसरून त्याच्या वाटेत उभी राहिली.

"मागे व्हा," ती म्हणाली. "अहो, या घरात झालेला नाही तो फक्त तुम्हाला."