कुंकवाचं जेवण

"कुंकवाचं जेवान? कुनाच्या कुंकवाचं?" केराबाईनं विचारलं.

सोमलिंग कारभारी कागद वाचता वाचता थांबला आणि दाराशी बांधलेली शेळी माणसासारखी बोलायला लागावी तसा तिच्याकडं बघत राहिला. वकील रावसाहेब वेणीमाधवरावांच्या सोलापुरातल्या कचेरीत बायामाणसांनी तोंड उघडायची रीत नव्हती. त्यातून मोहोळकडच्या धनगराच्या बायकोनं तर नव्हतीच नव्हती.

"तुमच्या तानाबाईच्या," तो म्हणाला. "नुसतं लिवायला गं. माळावर जे जेवण झालं ते रावसाहेबांनी मतांसाठी दिलं न्हाई. गुंडा धनगरानं आपल्या पोरीच्या कुंकवाला घरची बोकडं कापली. बस्स! हितं अंगठा उठवायचा, बोकडांचे पैसे घ्यायचे आन गाडी धरायची."

आता ते जेवण अख्ख्या तालुक्यानं जेवलं होतं. मतदार गाड्या भरभरून आणले होते. बोकडं गुंडाची, उधारीवर नेलेली, आणि शिजवायला केराबाईच होती. धुरानं तिचे डोळे दोन दिवस लाल होते. रावसाहेब मात्र नाकाला उपरणं लावून लांबून हात जोडत उभे, मटणाचा वास सोसवत नव्हता ना! मतं तेवढी सोसवली. सदतीस सालच्या त्या निवडणुकीत स्वारी निवडून आली, मुंबईच्या असेंब्लीत मिरवायला नवा कोटही शिवून झाला. आणि मग सरकारनं विचारलं, खर्च कशावर केला ते शपथेवर सांगा.

रावसाहेबांनी सांगितलं काय, तर हँडबिलं, मोटारीचं पेट्रोल आणि कार्यकर्त्यांचा चहा. चहा म्हणे! पडलेल्या उमेदवारानं लगेच जेवणाबद्दल अर्ज ठोकला. मतांसाठी जेवण घातलं हे शाबीत झालं असतं तर निवडणूक रद्द, कोट खुंटीवर. ज्या गृहस्थानं एकाही सभेत हरिश्चंद्राचं नाव घेतल्याशिवाय घोटभर पाणीही घेतलं नव्हतं, तो आता धनगराच्या पोरीच्या पदराआड लपायला निघाला होता. निर्लज्ज मेला!

 केराबाईच्या भावकीत मात्र कुंकू लावून लग्न ठरलं की पोरगी त्या घरची. पुढल्या आठवड्यात करकंबची माणसं तानाबाईला बघायला यायची होती. हिचं कुंकू आधीच झालंय, तेही सरकारदरबारी लिहून दिलंय, हे त्यांच्या कानावर गेलं की झालंच. पहिला कोण आणि त्यानं का सोडली, एवढं विचारून ती उठून गेली असती. मग दुसरं कोण दारात येणार होतं?

"आवं, हात मागं घ्या," ती नवऱ्याला म्हणाली.

गुंडाच्या अंगठ्याला सोमलिंगनं केव्हाच शाई फासली होती. पैशाचं नाव निघालं की गुंडाचं अर्धं डोकं बंद पडायचं.

"काय हुतंय गं त्येनं? कागद कपाटात जाईल," तो पुटपुटला. "बोकडं तर गेलीच की आपली."

"बोकडं गेली म्हून पोर बी घालवायची व्हय?"

तेव्हा कुठं खुर्चीत बसलेल्या रावसाहेबांनी तोंडापुढचं वर्तमानपत्र खाली घेतलं. तिच्याकडं न बघताच ते म्हणाले, "अगं बाई, कागद तो कागद. त्यानं तुझ्या मुलीच्या अंगाला काय भोकं पडणार आहेत? असल्या गोष्टींचा एवढा बाऊ करू नये. तुम्हा लोकांना कायद्यातलं कळत नाही, म्हणून समजावून सांगतोय."

एवढ्यात आतल्या घरातून त्यांची मुलगी मालती आली आणि चहाचा कप तिनं त्यांच्या हातात दिला. केराबाईनं तिला नीट पाहून घेतलं. गळ्यात मंगळसूत्र नाही, तानाबाईच्याच वयाची.

"ही तुमची लेक?"

"हो. का?"

"कुंकू झालं हिचं?"

"अजून ठरायचंय," रावसाहेब बोलून गेले.

"मंग हिचं लिवा की. जेवान तुमी दिलं, लेक तुमची. खोटं तेवढं तरी कमी हुईल."

रावसाहेबांच्या हातातला चहा धोतरावर सांडला. "तोंड सांभाळ!" ते ओरडले. "माझ्या मुलीचं नाव असल्या कागदावर? उद्या चार घरांत काय म्हणतील? तिचं लग्न व्हायचंय अजून!"

मालतीनं कागदाकडं पाहिलं, मग बापाकडं पाहिलं आणि ती आत निघून गेली.

"कागद तो कागद म्हनला की आत्ता," केराबाई म्हणाली. "मंग तुमच्या लेकीला लगीच भोकं पडली व्हय?"

  असेंब्लीत बोलायला निघालेल्या रावसाहेबांनी पुन्हा वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं.

"अंगठा न्हाई तर पैसा न्हाई!" सोमलिंगनं दम भरला. "एक छदाम मिळायचा न्हाई, सांगून ठिवतो!"

गुंडा तिच्याकडं बघू लागला. केराबाईनं त्याचं मनगट धरलं, तो काळा अंगठा टेबलावरच्या पांढऱ्याशुभ्र कापडावर चांगला घासून पुसला आणि त्याला ओढत दाराशी नेलं.

"ऱ्हाऊ द्या तुमचे पैसे," ती म्हणाली. "म्हसोबाला बी आमी बोकड देतो की, आमच्या वाटंला जाऊ नगंस म्हनून. तसंच तुमाला दिलं म्हनायचं."