नाव नाही, फक्त क्रमांक

राजनंदिनीने रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि सम्मेदच्या पुढ्यात सरकवला. नको वाटलं की तुम्हीच बंद करा, म्हणाली. सम्मेद त्या यंत्राकडे बघत बसला. अर्ध्या तासात ‘व्हय’ आणि ‘न्हाई’च्या पुढे गेला नाही.

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या बेदाणा पॅकिंगच्या कारखान्यात ही बाई कुणालाच पटली नव्हती. सांगलीच्या कोल्ड स्टोरेजमधून चांगला निघालेला माल दुकानात पोचेपर्यंत खराब कसा होतो, याचा अभ्यास करायला खरेदीदार कंपनीने तिला धाडलं होतं. पण तपासायला आलेला माणूस खोकी मोजतो, वजन करतो. ही नुसती एकेकाला बसवून ‘मग पुढे काय झालं?’ विचारायची. वर म्हणे, अहवालात कुणाचं नाव नाही, फक्त क्रमांक. आणि मालकाने तिला बसायला स्वतःची केबिन दिलेली. मागच्या साली मालाबद्दल बोललेला एकजण महिन्यात घरी बसला होता. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताक फुंकूनच पिणार.

“बाई मालकाचा कान हाय,” गेटवरचे लालासाहेब म्हणाले. ते फौजेतून हवालदार होऊन आलेले. सगळे त्यांना मेजर म्हणत. त्यांनीच रीत घालून दिली. आत काय विचारलं, आपण काय सांगितलं, ते बाहेर आल्याबरोबर गेटवर सांगायचं, म्हणजे पुढचा सावध राहील. माणसं सांगू लागली. मेजर पाठीशी आहेत म्हटल्यावर धीर यायचा.

मेजरांनी तिची परीक्षाही घेतली. आपण ही नोकरी सोडून फलटणला चाललोय, अशी थाप त्यांनी एकट्या तिलाच मारली. आठ दिवस झाले तरी मालकाने त्यांना चकार शब्द विचारला नाही. तेव्हा मेजरांनी सगळ्यांना सांगितलं, बाई पक्की आहे, बिनघोर बोला.

सम्मेदला दोन वर्षं रिकामं बसल्यावर ही नोकरी मिळाली होती. त्याच्या बायकोचे, पद्मावतीचे, दिवस भरत आले होते. तरीही तो परत केबिनमध्ये गेला, कारण गिऱ्हाइकाला फसवल्याची त्याला लाज वाटत होती. माल वाटेत खराब होत नाही, त्याने सांगितलं. गेल्या सालचा काळा पडलेला बेदाणा मालक इथेच धुऊन नव्यात मिसळायला लावतो, आणि मिसळणारे हात माझे आहेत. दुसऱ्या दिवशी तिने ते टाइप करून त्याला वाचायला आणलं. खोडायचं ते खोडा, म्हणाली. त्याने काहीच खोडलं नाही.

गेटवर त्याने मेजरांना सगळं सांगितलं. मेजरांनी त्याला चहा पाजला. “वाघ हायस गड्या,” ते म्हणाले.

महिन्याने अहवाल आला. ठरल्याप्रमाणे एक प्रत राजनंदिनीने मालकाला आणून दिली. धुतलेल्या बेदाण्याचं सांगणारा सातव्या क्रमांकाचा माणूस कोण, मालकाने आधी गोडीत विचारलं, मग आवाज चढवला. ते मी कंपनीतल्या माझ्या सरांनाही सांगितलेलं नाही, राजनंदिनी म्हणाली. पुन्हा इथे पाय ठेवू देणार नाही, असं त्याने बजावलं तरी ती बधली नाही. पर्स उचलून निघून गेली.

तिची रिक्षा वळणाआड गेल्यावर मालकाने गेटवर फोन लावला.

“धुतलेल्या बेदाण्याचं कोण बोललं?”

“सम्मेद, साहेब,” लालासाहेब म्हणाले. “बाकीच्यांचंबी लिवून ठिवलंय.”