ठरलेलं उत्तर

वॉर्डातला कॉम्प्युटर प्रोग्रॅम रोज सकाळी शालन सिस्टरच्या कामांची यादी आटोपशीर करून द्यायचा. ज्या कामाने पुढे काहीच बदलत नाही, ते तो बिनदिक्कत गाळून टाकायचा. आज सावरडेकर आजोबांच्या नावापुढचं ‘कसं वाटतंय ते विचारणे’ गायब होतं. उत्तर मात्र आधीच भरलेलं होतं: ‘बरं आहे.’

वाचलेल्या वेळात शालनच्या वाट्याला आणखी एक खाट आली होती. पाय भरून आले होते, तरी ती आजोबांच्या खाटेच्या कडेला टेकली.

“आजोबा, तीन महिने रोज एकच उत्तर देताय. मशीन म्हणतं, उत्तर ठरलेलंच आहे तर विचारायचं कशाला? उद्यापासून मला इथे थांबताच येणार नाही. काहीतरी वेगळं बोला ना. आमटी अळणी होती म्हणालात तरी चालेल, मी तेवढं लिहीन.”

आजोबांनी तिच्या पायांकडे पाहिलं.

“सिस्टर, तुम्ही रोज इतक्या दमून येता,” ते हळूच म्हणाले, “म्हणून मी बरं आहे म्हणायचो. आता खरं सांगू?”