शब्दन् शब्द

"वाचते," वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा लावला.

भाषणस्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या त्यांच्या संस्थेचा नियमच होता तो. कॉलेजनं ज्या मजकुरावरून विद्यार्थ्याला शिक्षा केली, तो आधी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा, शब्दन् शब्द. जे वाचायची लाज वाटते, त्यासाठी कोर्टात काय डोंबल भांडणार? नियम बाईंनीच केलेला. आजवर या टेबलाशी त्यांनी शिव्यासुद्धा स्वल्पविरामासकट वाचल्या होत्या.

समोर ती मुलगी बसली होती. भित्तिपत्रकात लेख लावला म्हणून निलंबित. पुढच्या आठवड्यात शेवटच्या वर्षाची परीक्षा. तोवर निलंबन उठलं नाही तर वर्ष पाण्यात. प्राचार्य म्हणाले होते, चार ओळी खोड आणि बस परीक्षेला. पठ्ठी नाही म्हणाली.

"शाब्बास!" कार्यालय सांभाळणारे काका म्हणाले.

लेख ग्रंथालयातल्या शिपायावर होता. भर सभेत प्राचार्यांना प्रश्न विचारला म्हणून त्याला कामावरून काढलं होतं. बाईंचा आवाज छान लागला. एका टोमण्यावर काका खुदकन हसलेही. मग बाईंनी पान उलटलं आणि त्या अडखळल्या.

तिथे लिहिलं होतं: 'त्यानं भाषणस्वातंत्र्यवाल्या संस्थेला तीनदा फोन केला. आम्ही फक्त विद्यार्थ्यांचं बघतो, असं म्हणून तिथल्या वकीलबाईंनी फोन ठेवला.'

ठेवला होता. बाईंना चांगलं आठवत होतं. तिसऱ्यांदा तर त्या माणसाला वाक्यही पुरं करू दिलं नव्हतं.

बाई खाकरल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि पुढच्या परिच्छेदापासून वाचू लागल्या. काकांना पत्ताच लागला नाही. कागद एकच होता, तो बाईंच्या हातात.

मुलीनं मात्र झटकन मान वर केली. बाईंचे कान तापले. आता ही बोलणार. बोलू दे, आपली हीच लायकी आहे, असंही त्यांना वाटून गेलं. पण तिनं मान पुन्हा खाली घातली. बाई शेवटपर्यंत वाचत राहिल्या, आणि स्वतःचाच आवाज त्यांना ऐकवेना.

वाचन संपलं. काका चहा सांगायला बाहेर गेले. मुलीनं खुर्ची जवळ ओढली.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "ती ओळ मी खोडते. पण केस घ्या."

तिनं पेनाचं टोपण काढलंसुद्धा होतं.